घरासाठी कर्ज काढायच्या आधी सिबिल रिपोर्ट कसा वाचायचा, कसा सुधारायचा

पाडवा ते आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आपल्याकडे घर-प्लॉटच्या व्यवहारांचा हंगाम. कापसाचे पैसे हातात आलेले असतात, नोकरदारांची वर्षअखेरची आकडेमोड झालेली असते आणि जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, कुठेही गेलं तरी नव्या कॉलन्यांचे नकाशे टेबलावर पसरलेले दिसतात. टोकन दिलं जातं, साठेखत होतं, मग बँकेत फाईल जाते. आठवड्याभरात फोन येतो, "भाऊ, तुमचं सिबिल बसत नाही." यानंतर जी धावपळ होते ती पाहून जीव तुटतो. माणूस घाबरून दुसऱ्या बँकेत जातो, मग तिसऱ्या. "सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्या कुणाच्या तरी हातावर पैसे ठेवतो. तोवर साठेखताची मुदत संपत आलेली असते.

बहुतेकांच्या बाबतीत हे टाळता येण्यासारखं असतं. पण त्यासाठी सिबिलच्या आकड्याकडे, म्हणजे स्कोअरकडे, बघत बसून उपयोग नाही, त्यामागचा रिपोर्ट उघडावा लागतो. सहाशे पंचवीस हा आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही. तो कुठल्या कर्जामुळे, कुठल्या महिन्यातल्या नोंदीमुळे खाली आला हे रिपोर्ट सांगतो, आणि खांदेशात माझ्या पाहण्यात तरी हे कारण बऱ्याचदा मोठं थकीत कर्ज नसून जुनी, विसरलेली, छोटी गोष्ट असते.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात. कर्जाची माहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल सगळ्यात जुनी, म्हणून चौघींच्या स्कोअरला आपण सरसकट सिबिल म्हणतो. २००५ च्या कायद्याखाली या कंपन्या चालतात. बँका, फायनान्स कंपन्या, गृहवित्त कंपन्या, सहकारी बँका आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना पाठवतात. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जायची. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान पंधरवड्याला पाठवणं बंधनकारक झालं. म्हणजे पूर्वी हप्ता आठ-दहा दिवस मागेपुढे झाला तरी महिनाअखेरीस भरला की निभावून जायचं, ती सवड आता आकसली आहे. चांगली बाजू अशी की थकबाकी भरली, तर तीही लवकर नोंदली जाते.

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. साधारणपणे ७५० च्या वर असेल तर बँक खुशीत बोलते, ७०० ते ७५० मध्ये बहुतेक ठिकाणी काम होतं, त्याखाली प्रश्न सुरू होतात आणि ६५० च्या खाली सरकारी बँकेत फाईल पुढे सरकणं अवघड जातं. पण ही रेषा प्रत्येक बँकेची स्वतःची असते. रिझर्व्ह बँकेनं कर्जासाठी कुठलाही किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही.

कमी स्कोअरवर कर्ज मिळालं तरी ते महाग पडतं, कारण स्टेट बँकेसह अनेक बँका गृहकर्जाचा दर स्कोअरच्या पट्ट्यानुसार ठरवतात. समजा २५ लाख, २० वर्षांसाठी. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो, साडेनऊ टक्क्यांनी सुमारे २३,३०० रुपये. महिन्याला सोळाशेचा फरक, आणि २४० हप्त्यांत मिळून जवळपास ३ लाख ८६ हजार. एका टक्क्याची ही किंमत आहे. एवढ्या पैशांत घराचं कंपाउंड, बोअर आणि गच्चीवरचे पत्रे होऊन जातात.

रिपोर्ट काढा आणि सातबाऱ्यासारखा वाचा

२०१७ पासून चारही कंपन्यांना दर वर्षी प्रत्येकाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट तुमच्या हक्काचे आहेत. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून तो काढता येतो. कुठल्यातरी ॲपवर दिसणाऱ्या गोल काट्यावर थांबू नका. तिथे आकडा ठळक असतो, नोंदी आत दडलेल्या असतात आणि सोबत नव्या कर्जाच्या जाहिराती येतात. "आपणच आपलं सिबिल चेक केलं की ते कमी होतं" ही भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ती खोटी आहे. स्वतः पाहिल्यानं काहीही कमी होत नाही. तुम्ही कर्जाचा अर्ज केल्यावर बँक जेव्हा पाहते, त्या चौकशीची नोंद होते आणि तिचा थोडा परिणाम होतो.

आपल्या भागात ज्यानं जमिनीचा व्यवहार केला आहे त्याला सातबारा वाचता येतो. नाव बरोबर आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, इतर हक्कात कुणाचा बोजा आहे का, हे आपण बोट ठेवून तपासतो. क्रेडिट रिपोर्ट हा तुमच्या कर्जांचा सातबारा समजा. तोही तसाच वाचायचा, आणि त्यातही चुकीची नोंद असेल तर ती आपोआप दुरुस्त होत नाही.

पहिल्या पानावर तुमचं नाव, पॅन, जन्मतारीख, पत्ते, मोबाईल नंबर असतात. हे पान घाईनं उलटू नका, कारण घोळाची सुरुवात इथेच होते. एकेका गावात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले दोन-तीन पाटील किंवा महाजन सापडतात. त्यात जुन्या काळी शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख कितीतरी जणांची आहे. नाव तेच, तारीख तीच, पिनकोडही तोच, आणि जुन्या कर्जाला पॅन जोडलेला नाही. अशा वेळी दुसऱ्याचं ट्रॅक्टरचं कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये येऊन बसू शकतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत उलटं होतं: एकाच बाईची माहिती माहेरच्या आणि सासरच्या नावात विभागली जाते.

मग एकेक खातं येतं. प्रत्येक खात्यावर कर्जाचा प्रकार, मंजूर रक्कम, शिल्लक, थकीत रक्कम, खातं चालू की बंद, आणि तुमचं त्याच्याशी नातं लिहिलेलं असतं: स्वतः कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार. त्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतच्या. चौकटीत ००० असेल तर त्या महिन्यात काही थकलेलं नव्हतं. ०३० असेल तर तीस दिवसांची थकबाकी. एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेनं पाठवलीच नाही, त्यानं घाबरू नका. नव्वद दिवसांच्या वर गेलं की खातं एनपीए, म्हणजे वसुली अडकलेलं, ठरतं आणि चौकटीत आकड्याऐवजी एसयूबी (निकृष्ट), डीबीटी (संशयास्पद) अशी अक्षरं दिसू लागतात. या चौकटींत डावीकडचा सर्वात ताजा महिना कुठला ते आधी ओळखा. दोन वर्षांपूर्वी एकदा पडलेला डाग आणि गेल्या तीन महिन्यांत पडलेला डाग यांत बँकेच्या नजरेत फार अंतर आहे.

शेवटी चौकशांची यादी. कुठल्या तारखेला कुठल्या संस्थेनं तुमचा रिपोर्ट पाहिला. तुम्ही अर्जच केलेला नाही अशी चौकशी दिसली तर कुणीतरी तुमच्या कागदांवर कर्ज मागितलं आहे, हे लगेच धसास लावा.

आपल्याकडे स्कोअर पडतो कशानं

सर्वात आधी जामीन, कारण चांगल्या माणसांचं सगळ्यात जास्त नुकसान यानं होतं. आपल्या भागात जामीनदार होणं हा नात्याचा भाग आहे. शालकाला गाडी घ्यायची आहे, शेजारच्या जिभाऊंना ट्रॅक्टर हवा आहे, शाळेतल्या सहकाऱ्याला पगारदारांच्या बँकेतून कर्ज उचलायचं आहे. सही मागितली की आपण करतो, नाही म्हणायला तोंड होत नाही. पण भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्येही दिसतं, आणि त्यानं हप्ते थकवले की थकबाकी तुमच्या नावापुढेही चढते. बँकेतला माणूस ते दाखवतो तेव्हा समोरचा सुन्न होतो. "मी ते कर्ज लिधंच नही, मंग मनं नाव कसाले?" हा प्रश्न योग्य आहे, पण सही तुमची असते.

यावर उपाय आहे, मात्र तो अवघड बोलण्यातून जातो. ज्या बँकेचं कर्ज आहे तिथे जाऊन थकबाकी किती ते लेखी घ्या. जामीनदार म्हणून ती माहिती मागायचा तुम्हाला अधिकार आहे. मग मूळ कर्जदाराला, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन, ती रक्कम दाखवा. तो भरत नसेल आणि तुमच्या घराचं काम त्यापायी अडलं असेल, तर थकीत हप्ते स्वतः भरून खातं नियमित करणं कधीकधी स्वस्त पडतं. भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क कलम १४५ तुम्हाला देतं, म्हणून पैसे रोख हातात न देता थेट कर्जखात्यात भरा आणि पावती जपा.

दुसरं, फायनान्सवर घेतलेली दुचाकी किंवा मोबाईल. कर्ज कधीच फिटलं आहे असं माणसाला वाटतं, पण शेवटच्या काळात एखादा हप्ता बाउन्स झालेला असतो आणि त्याचा दंड पाच-सहाशे रुपये खात्यावर तसाच राहतो. कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र, म्हणजे एनओसी, घेतलेली नसते, गाडीच्या आरसी बुकवर फायनान्स कंपनीचं नाव अजून तसंच असतं. रिपोर्टमध्ये ते खातं चालू आणि थकीत दिसतं. एवढ्याशा रकमेसाठी लाखोंचं गृहकर्ज अडतं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खातं थकीत आहे की नाही एवढंच यंत्र पाहतं. शाखेत जा, बाकी भरा, एनओसी घ्या आणि खातं "बंद" म्हणून कळवायला लावा.

तिसरं, सोसायटीचं आणि बँकेचं पीककर्ज. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका असं राज्य सरकारनं बँकांना वेळोवेळी बजावलं आहे. त्यातून असा समज पसरला की शेतीच्या कर्जाचा सिबिलशी संबंधच नाही. संबंध आहे. तुम्ही गृहकर्ज मागता तेव्हा बँक तुमची सगळी कर्जं पाहते, त्यात थकलेलं किसान क्रेडिट कार्डही येतं. शेतीकर्जाला एनपीए ठरवण्याचे निकष वेगळे आहेत, कमी मुदतीच्या पिकांना हप्त्याच्या तारखेनंतर दोन हंगामांची सवड आहे, पण थकबाकी ती थकबाकीच. शिवाय सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर असतो तो वेगळाच. कर्जमाफीच्या आशेवर भरणा थांबवणाऱ्या शेतकऱ्याची अडचण मला पूर्ण समजते. कापसाला भाव नसेल, केळीच्या बागेवर वादळ फिरलं असेल तर भरायला आणायचं कुठून? पण घरात ज्याच्या नावावर गृहकर्ज घ्यायचं आहे, त्याच्या नावावरचं पीककर्ज तरी मुदतीत भरून नवंजुनं करून घ्या, म्हणजे जुनं फेडून नवं उचला. मुदतीत भरलं तर व्याज सवलतही मिळते. आणि २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत ज्यांचं खातं बसलं, त्यांनी ते रिपोर्टमध्ये शून्य शिल्लक आणि बंद दिसतंय का हे जरूर पाहावं. नसेल तर शाखेकडून नील दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घेऊन दुरुस्ती मागावी.

चौथं कारण घरातल्या बाईच्या नावावर असतं, म्हणून ते उशिरा कळतं. मायक्रोफायनान्स कंपन्यांचं गटाचं कर्ज. गटात दहा बायका असल्या तरी कर्जाची नोंद प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर होते. कुणाच्या तरी गरजेसाठी दुसरीच्या नावावर कर्ज उचललं जातं, पैसे वापरणारी बाई नंतर हप्ता देत नाही, आणि डाग जिच्या नावावर कर्ज आहे तिला लागतो. आता गृहकर्जात बायको सहकर्जदार असली की अनेक बँका व्याजात थोडी सूट देतात, म्हणून तिचं नाव घातलं जातं आणि तिचा रिपोर्ट उघडतो. नवऱ्याचा स्कोअर ७६०, बायकोचा ५९०, फाईल अडकली. त्यामुळे अर्जात ज्यांची नावं येणार त्या सगळ्यांचे रिपोर्ट आधी काढा. आणि तिच्यावर खापर फोडू नका. ते पैसे बहुतेक वेळा घराच्याच चुलीसाठी लागलेले असतात.

क्रेडिट कार्डाचं गणित नोकरदारांसाठी. समजा कार्डाची मर्यादा ५० हजार आहे आणि दर महिन्याला ४२ हजार वापरून तुम्ही पूर्ण बिल वेळेवर भरता. तुमची चूक काहीच नाही, तरी बिलाच्या दिवशीची शिल्लक रिपोर्टला जाते आणि "हा माणूस मर्यादेच्या टोकाला जगतो" असं चित्र उभं राहतं. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असं मानलं जातं. मोठी खरेदी झालीच तर बिल निघायच्या आधीच बरीचशी रक्कम भरून टाका. किमान देय रक्कम भरत राहिल्यानं थकबाकी दिसत नाही हे खरं, पण उरलेल्या रकमेवर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं आणि वापर कायम उंच दिसतो. जुनं, नीट चाललेलं कार्ड रागाच्या भरात बंद करू नका. त्याचा जुना इतिहास तुमच्या कामाचा आहे.

सेटलमेंटबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. वसुलीवाला म्हणतो, "१ लाख २० हजार आहेत, ७० हजार भरा, विषय संपवा." अडचणीतल्या माणसाला हायसं वाटतं. पण रिपोर्टमध्ये ते खातं "सेटल्ड" लागतं, म्हणजे यानं पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि गृहकर्ज देणारी बँक ही नोंद थकबाकीच्याच शेजारी ठेवते. "राइट ऑफ" तर त्याहून वाईट. बँकेनं आपल्या हिशेबवहीतून रक्कम काढली एवढाच त्याचा अर्थ. तुमचं देणं माफ झालेलं नसतं. सिबिलसारख्या कंपन्या माहिती किमान सात वर्षं जपून ठेवतात, त्यामुळे जुनं झालं की आपोआप पुसलं जाईल असं धरून चालू नका. जमत असेल तर त्या बँकेकडे जाऊन उरलेली रक्कम भरायची तयारी दाखवा, आणि भरल्यावर खातं "बंद" म्हणून कळवू असं पत्र पैसे देण्याआधी घ्या. कर्ज एखाद्या पुनर्रचना कंपनीला विकलं गेलं असेल तर बोलणी त्या कंपनीशी करावी लागतात. रिपोर्टमध्ये तिचं नाव दिसतं. वसुली एजंटाच्या हातात रोख रक्कम कधीही नाही.

सावकाराची उधारी, भिशी, किराणा दुकानाचं खातं यांची नोंद रिपोर्टमध्ये नसते. पतसंस्थेत वर्षानुवर्षं चोख फेड केली असेल तरी तीही दिसेलच असं नाही, कारण पतसंस्था बँकिंग परवान्यावर नव्हे तर सहकार कायद्याखाली चालतात. पतसंस्थेचा फेडीचा दाखला फाईलला जोडा. शाखाधिकारी माणूस ओळखायला त्याचा उपयोग करतो.

हातात थोडे पैसे आहेत, आधी कुठे भरायचे

समजा साठ-सत्तर हजार रुपये बाजूला काढले आहेत आणि रिपोर्टमध्ये चार डाग आहेत. लोक सगळीकडे थोडं थोडं भरतात आणि कुठलाच डाग निघत नाही. माझा सल्ला असा: जे खातं आज चालू आहे आणि आज थकीत आहे, ते सर्वात आधी शून्यावर आणा, कारण ते दर पंधरवड्याला नवा डाग पाडतंय. त्यासोबत पाचशे-हजारांच्या जुन्या बाक्या संपवा. मग कार्डाची शिल्लक तीस टक्क्यांच्या खाली आणा. कारण वापर कमी झाला की स्कोअर बऱ्यापैकी लवकर हलतो. सेटल्ड आणि राइट ऑफची मोठी रक्कम शेवटी, आणि तीही लेखी पत्र हातात असेल तर. हे भरण्यासाठी नवं पर्सनल लोन किंवा मोबाईलवरच्या ॲपचं कर्ज काढू नका.

छोटं कर्ज पूर्ण फेडण्याचा आणखी एक फायदा आहे. बँका साधारणपणे हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपासच सगळे हप्ते मिळून बसू देतात. तुमचा ५ हजारांचा गाडीचा हप्ता चालू असेल, तर साडेआठ टक्के आणि २० वर्षांच्या हिशेबानं तो जवळपास पावणेसहा लाखांचं गृहकर्ज अडवून बसलेला असतो. गाडीचे सात-आठच हप्ते उरले असतील तर ते आधी संपवणं शहाणपणाचं. मात्र सगळी पुंजी त्यात घालू नका. ३० लाखांपर्यंतच्या कर्जातही बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, उरलेले आणि मुद्रांक-नोंदणीचे पैसे आपल्यालाच उभे करायचे असतात.

थकबाकी भरल्यावर स्कोअर कधी सुधारतो? बंद झाल्याची नोंद काही आठवड्यांत दिसते, पण विश्वास परत यायला सलग सहा ते बारा महिने ००० च्या चौकटी लागतात. त्याला पळवाट नाही. म्हणून आखाजीला घर घ्यायचं असेल तर रिपोर्ट आदल्या दसऱ्याच्याही आधी काढलेला बरा. या काळात हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात पैसे असतील याची व्यवस्था करा. शेतीवर किंवा दुकानावर जगणाऱ्यांना दर महिन्याच्या ५ तारखेला पैसे असतीलच असं नसतं. कापूस किंवा केळीचे पैसे आले की दोन-तीन हप्त्यांची रक्कम एका वेगळ्या खात्यात टाका आणि हप्ता तिथूनच जाऊ द्या. स्कोअर चांगला असूनही बँक स्टेटमेंटमध्ये चेक किंवा हप्ता परत गेल्याच्या ओळी दिसल्या तर अधिकारी अडून बसतो, हे लक्षात असू द्या.

ज्यांनी आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही त्यांचा प्रश्न निराळा. रिपोर्टवर स्कोअरऐवजी उणे एक किंवा एनएच (नो हिस्टरी) येतं. हा डाग नाही. केवळ पूर्वीचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, हे केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत रिझर्व्ह बँकेच्या सूचनांचा हवाला देऊन स्पष्ट केलं आहे. तरी बँकेला काहीतरी पाहायचं असतंच: आयकर विवरणपत्रं, जीएसटी भरत असाल तर त्याचे कागद, वर्षभराचं स्टेटमेंट. सगळा धंदा रोखीत करत असाल तर आजपासून विक्रीचे पैसे खात्यात भरायला लागा. हवं तर मुदत ठेवीवर मिळणारं छोटं क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर फक्त पेट्रोल भरा आणि पूर्ण बिल वेळेवर द्या. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो.

नोंदच चुकीची असेल तर

दुसऱ्याचं कर्ज, फिटलेलं पण चालू दिसणारं खातं, चुकीची थकबाकी. यासाठी सिबिलसारख्या ज्या माहिती कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, ती फुकट आहे. सोबत एनओसी, नील दाखला, पावत्या जोडा, आणि त्याच दिवशी संबंधित बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्या. दोन्हीकडे का, तर माहिती कंपनी बँकेच्या होकाराशिवाय नोंद बदलू शकत नाही. बँकेला सुधारित माहिती द्यायला २१ दिवस आहेत आणि एकूण निपटारा ३० दिवसांत व्हायला हवा. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. अर्जात या नियमाचा एका ओळीत उल्लेख केला तरी अर्ज गांभीर्यानं घेतला जातो. तरीही काम झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते आणि वकील लागत नाही.

जे काम फुकट आणि फक्त बँकेच्या होकारानं होतं, त्यासाठी पैसे घेणारा माणूस तुम्हाला काहीही जादा देऊ शकत नाही. उलट त्याला पॅन, आधार आणि ओटीपी दिलात तर तुमच्याच नावावर नवं कर्ज निघायची भीती. खरी नोंद कुणीही पुसू शकत नाही, खोटी नोंद तुम्ही स्वतः पुसून घेऊ शकता.

मग अर्ज कसा करायचा? आधी दोन-तीन बँकांत नुसतं जाऊन बोला, स्वतः काढलेला रिपोर्ट दाखवा, दर आणि अटी विचारा. लेखी अर्ज एकाच ठिकाणी करा. ऑनलाइन "पात्रता तपासा"वर बोट ठेवत सुटलं की एका आठवड्यात पाच-सहा चौकशा चढू शकतात आणि पुढच्या बँकेला वाटतं की याला सगळ्यांनी नाकारलंय. अर्ज फेटाळला गेला तर कारण विचारा आणि ती नोंद हाताळेपर्यंत थांबा.

थांबणं शक्यच नसेल, प्लॉटचा व्यवहार हातचा जाणार असेल, तर काही गृहवित्त कंपन्या कमी स्कोअरवरही कर्ज देतात, दर चढा लावतात. हा रस्ता वाईट नाही, पण दर फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा, घ्या. वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर ते मुदतीआधी फेडायला किंवा दुसऱ्या बँकेत न्यायला दंड लागत नाही. वर्ष-दीड वर्ष हप्ते चोख भरा, स्कोअर वर आला की कर्ज स्वस्त दराच्या बँकेत हलवा. प्रक्रिया शुल्क आणि इतर खर्च धरून मगच हिशेब करा.

मंजुरीपत्र हातात आलं की पेढे वाटले जातात, पण काम तिथे संपत नाही. स्वतःच्या प्लॉटवर बांधकाम करणाऱ्यांना पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात, जोत्यापर्यंत एक, स्लॅबला एक, असे. पुढचा टप्पा देण्याआधी बँक पुन्हा रिपोर्ट पाहू शकते. या मधल्या महिन्यांत दिवाळीला हप्त्यावर टीव्ही नको, कुणाला जामीन नको. आणि पहिला टप्पा उचलल्यापासून त्या रकमेवरचं व्याज, ज्याला बँकवाले प्री-ईएमआय म्हणतात, दर महिन्याला सुरू होतं. घर अजून उभं राहिलेलं नाही म्हणून हप्ता सुरू झालेला नाही, असं समजून ते राहून जातं आणि नव्या गृहकर्जाचीच पहिली चौकट डागाळते. मंजुरीच्या वेळीच त्याची तारीख विचारून घ्या.